आईनं बसवलेलं पितळी कडं

माझे वडील वेंडेल टॅकेट ठासणीच्या बंदुका करत. केंटकीतल्या आमच्या डोंगराळ भागात हे काम करणारे अजून काही जण आहेत, पण वडिलांच्या दस्त्याचा बाक लोक लांबून ओळखत. दोन्ही भावांना त्यांनी एकेक बंदूक करून दिली होती. माझी तेवढी राहिली होती. लाकूड तासून झालं, नळी बसली, आणि त्यांच्या हातांना कंप सुटला.

चापाभोवतीचं पितळी कडं ओतकामवाल्याकडून आलं ते पिळवटलेलं. वाळूच्या साच्यातलं ओतीव काम असतंच तसं. वडिलांनी ते घाईनं, न तापवता, व्हाइसच्या पकडीत धरून ठोकलं. मोगरी हातात नीट राहिना. एक घाव वाकडा बसला आणि कड्याला तडा गेला. ते स्टुलावर बसून राहिले.

"दुसरं आहे ना? द्या, मी करते," मी म्हटलं.

"तुझी बंदूक तूच करायची, तर मी तुला दिलं काय?"

आई मागच्या दारात घेवडा मोडत बसली होती. तिचं नाव ओसी. वडील बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले.

"ओसी, जरा येतेस?"

"कशाला? तुझ्या कामाच्या खोलीत मला झाडायलाही येऊ देत नाहीस."

"झाडायला नाही. हात हवेत तुझे."

तिनं घेवड्याचं भांडं माझ्या हातात दिलं आणि ॲप्रनला हात पुसत आत गेली.

भर दुपारी वडिलांनी खिडकीवर पोतं टांगलं, अंधारात पितळेचा रंग नीट कळतो म्हणून. आईनं गॅसची ज्योत दुसऱ्या कड्यावर फिरवली.

"अजून थोडं. हां, मंद तांबडं दिसलं की बास. आता पाण्यात टाक. तांबडं असताना वाकवायला जाशील तर तुकडा पडेल."

"तू पाव भाजतोस तेव्हा मी तुला शिकवते का?"

"शिकवत नाहीस. टोमणे मारतेस."

निवलेलं पितळ मऊ झालं होतं. आईनं ते लाकडी ठोकळ्यावर ठेवून हलक्या हातानं ठोकलं, उचलून डोळ्यासमोर धरलं, पुन्हा ठोकलं. वडील नुसता अंगठा फिरवून सांगत, "इथं अजून पोट आहे." अंगठा थरथरत होता, पण फुगवटा नेमका तिथंच असायचा.

मग बसवायचं काम. कड्याच्या दोन्ही टोकांना, म्हणजे पायांना, खालून दिव्याची काजळी फासायची, लाकडावर दाबायचं, काळा डाग उठेल तेवढंच पटाशीनं खरवडायचं. आठवडाभर रोज जेवणं उरकली की दोघं आत असत. कधी भांडणाचा आवाज यायचा, कधी हसण्याचा. शेवटी शेवटी मागच्या पायापाशी आईची पटाशी घसरली आणि फट राहिली.

मी गेले तेव्हा ती पाठमोरी उभी होती. "नासवलं मी," ती म्हणाली. "एवढी सुंदर वस्तू."

"माझ्या पहिल्या बंदुकीला याहून मोठी फट होती," वडील म्हणाले. "त्याच लाकडाची चीप घे, सरस लाव, दाबून बसव."

"दिसेल ना?"

"मला दिसेल."

"तुला दिसून काय उपयोग?"

"मला आवडेल बघायला."

चीप आईनं इतकी जपून बसवली, की मला ती आजही बोटानं चाचपूनच सापडते.

ऑक्टोबरमध्ये नेमबाजीच्या मेळ्यात मी ती बंदूक नेली; आई-वडीलही बरोबर होते. नंबर काही आला नाही. मात्र दोघंतिघं जुने कारागीर ती हातात घेऊन उलटीसुलटी बघत होते. त्यातल्या डेल्मर काकांनी कड्यावरून बोट फिरवलं.

"वेंडेल, हे कडं तुझ्या हातचं नाही."

"नाही. ओसीच्या हातचं आहे."

"कुठली ओसी?"

"माझी," वडील म्हणाले, आणि त्यांनी थरथरता हात आईच्या खांद्यावर ठेवला. आई लांबच्या निशाण्यांकडे बघत राहिली. कानापर्यंत लाल झाली होती.