दोघांनी उचलायचा तट्टा

तट्टा म्हणजे काय, असं तुमच्यातल्या निम्म्या जणांच्या मनात आलंच असणार, म्हणून तेच आधी सांगतो. मित्रांनो, बांबूच्या कामट्या विणून आणि चारी बाजूंनी जाड काठ्यांची चौकट बांधून मला केलं आहे. वय झालंय, एका कोपऱ्यात कामट्या तुटल्यात, पण अजून कामावर आहे. वसईजवळच्या सांडोर गावात एका केळीच्या वाडीत मी राहतो आणि माझ्यावर सुकेळी वाळतात. सुकेळी तुम्ही खाल्ली नसतील, तर मात्र मला तुमची कीव येते. पिकलेली राजेळी केळी सोलायची आणि आठवडाभर उन्हात ठेवायची. मग ती मधाच्या रंगाची आणि चिवट गोड होतात.

मला हरिभाऊंनी केलं. वाडीच्या कुंपणातला बांबू तोडून त्यांनी तो बावखलात, म्हणजे वाडीला पाणी देणाऱ्या तळ्यात, भिजत टाकला. किडू नये म्हणून. मग ओसरीत बसून कामट्या काढल्या आणि विणायला घेतलं. विणता विणता मी इतका वाढलो की बघणारे हसायला लागले. नाकापेक्षा मोती जड, असं शेजारीपाजारी म्हणाले. हरिभाऊंची बायको शांता तर चिडलीच. ती म्हणाली, एवढा अवजड तट्टा मी एकटी कशी उचलू?

हरिभाऊ मान वर न करता म्हणाले, "एकट्याला उचलाला नाय आला पायजे, म्हनूनच येवढा केलाय."

त्यामागची गोष्ट अशी. हरिभाऊ कामाचे किडे होते. पहाटे भाजीची पाटी घेऊन बाजारात जायचे, दुपारी वाडी शिंपायची, आणि संध्याकाळी कोणाच्या तरी पंपाला नाहीतर कोणाच्या तरी बांधाला हात लावायला गेले की घर विसरायचे. पोरं वाट बघून झोपून जायची. स्वतःची ही खोड त्यांना चांगली ठाऊक होती. आता सुकेळ्यांचा नियम असा, की सूर्य मावळायच्या आत ती आत यायला हवीत. दव पडलं की आंबतात. ती एकेक वेचूनही चालत नाही, कारण अर्धी वाळलेली केळी चिकटून बसतात, ओढली की फाटतात. तट्ट्यासकट उचलून ओसरीत आणावी लागतात. म्हणजे संध्याकाळी माझ्या एका बाजूला शांता आणि दुसऱ्या बाजूला हरिभाऊ हवेतच. माणसानं स्वतःलाच बांधून घ्यावं, तसं त्यांनी मला विणलं होतं.

काय दिवस होते ते! थंडी पडली की मला अंगणात चार खुंटांवर आडवं करायचे. दिवसभर ऊन अंगावर घ्यायचं, माश्या हाकलणाऱ्या पोरांची भांडणं ऐकायची. सावल्या लांब झाल्या की हरिभाऊ हातातलं काम टाकून यायचे. लोक थट्टा करायचे, हरिभाऊ, तट्ट्यानं बोलावलं वाटतं. ते म्हणायचे, हो. आणि एकदा घरी आलेला माणूस मला ठेवून परत कशाला जाईल? सुकेळ्यांवर फडकं घातलं की ते तिथंच ओसरीत बसायचे, पोरं त्यांच्या पाठीवर चढायची. ते दिवस आठवले की आजही माझ्या कामट्या सैल पडतात.

पुढे हरिभाऊ गेले. त्यांचा मुलगा दिवाकर मुंबईला नोकरीला लागला. तो अंधारात निघायचा आणि अंधारात यायचा. शांताबाईनं काही वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारून माझी दुसरी बाजू धरायला लावली, मग तिनंही सुकेळी करणं सोडलं. मला गोठ्याच्या भिंतीला टेकवलं. तिथून शेजारच्या क्लेमेंटीनबाईंनी मागून नेलं आणि कोंबड्यांच्या खुराड्याला दार म्हणून बांधलं. ज्याच्या अंगावर राजेळी मधाच्या रंगानं झळकली, त्याच्यावर कोंबड्यांनी काय काय केलं ते मी सांगत नाही. क्लेमेंटीनबाईंचा राग नाही. निदान त्यांनी मला जाळलं तरी नाही.

दिवाकर निवृत्त झाला, तेव्हा वाडीत राजेळीची मोजकीच झाडं उरली होती. एक घड उतरवला आणि त्याच्या मनात काय आलं कोण जाणे, कुंपणापलीकडे जाऊन त्यानं मला परत आणलं. बावखलाच्या पाण्यानं घासलं, काथ्यानं माझे कोपरे पुन्हा आवळले. त्याची नात रिद्धी सगळा वेळ जवळ उकिडवी बसून होती. तिला त्यानं हरिभाऊंची गोष्ट सांगितली. तट्टा दोघांनीच उचलायचा, हे ऐकून तिचे डोळे चमकले. आजोबांचा खांदा दुखतो, आजीचे गुडघे दुखतात, पप्पा उशिरा येतात. मग एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला मम्मी, असं तिनं जाहीर करून टाकलं.

मम्मी म्हणजे सलोनी, दिवाकरच्या मुलाची, अनुजची बायको. ती मुंबईच्या एका कंपनीचं काम घरूनच करते. तिची खोली अंगणाकडे आहे, त्यामुळे खिडकीतून ती मला दिसते. सलोनी वाईट नाही हो. हुशार आहे, राबते, आणि त्या वर्षी तिला टीमचं प्रमुख करायचं चाललं होतं. पण तिचं ऑफिस संपायची वेळच कोणी ठरवलेली नव्हती. घरात असून ती घरी नसायची. रिद्धी खिडकीशी आली की ती काचेआडून पंजा दाखवायची. पाच बोटं, म्हणजे पाच मिनिटं. ती पाच मिनिटं कशी असतात, हे मी बरेच दिवस बघत होतो.

पहिल्या संध्याकाळी सलोनी आली. कानात यंत्र तसंच, एका हातानं मला धरलं आणि ओसरीत ठेवून धावत आत गेली. तरी रिद्धी खूश होती. दुसऱ्या दिवशी दिवाकर आणि त्याची बायको सुभद्रा राजोडीला एका हळदीला गेले. जाताना दिवाकर सुनेला दोनदा सांगून गेला, की सूर्य मावळायच्या आत. ती हो म्हणाली आणि खरंच मनापासून म्हणाली.

सावल्या लांब झाल्या. रिद्धी खिडकीशी गेली. पंजा दिसला. ती परत येऊन माझ्याजवळ उभी राहिली. थोड्या वेळानं पुन्हा गेली, पुन्हा पंजा. क्लेमेंटीनबाईही देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, गेल्या होत्या. ऊन गेलं, तेव्हा त्या पोरीनं माझा एक कोपरा दोन्ही हातांनी उचलला. मी तिरका झालो आणि कडेची केळी मातीत पडली. तिनं ती फ्रॉकला पुसून पुन्हा माझ्यावर ठेवली. मग दोरीवरचं आजीचं लुगडं ओढून सगळ्या केळ्यांवर पसरलं आणि खुंटाला टेकून खाली बसली. मित्रांनो, मला हात असते तर मी त्या वेळी एकच काम केलं असतं. स्वतःला उचललं असतं.

दिवे लागल्यावर सलोनी बाहेर धावली. लुगडं दवानं ओलं झालं होतं आणि रिद्धी बसल्या जागी झोपली होती. सलोनीनं तिला उचललं. हाक का नाही मारलीस गं, असं तिनं विचारलं.

रिद्धी झोपेतच म्हणाली, "मारणार होते. पण तू म्यूटवर नव्हतीस."

त्या पोरीच्या बोलण्यात तक्रार नव्हती, आणि तेच वाईट होतं. आईला हाक कधी मारायची नाही, ते ती शिकून बसली होती.

सकाळी केळ्यांना आंबूस वास आला. वाळायच्या आधीच पिशवीत भरून ती खताच्या खड्ड्यात गेली. सलोनी माझ्याशेजारी उभी राहून सासऱ्याची माफी मागत होती. दिवाकर माझी चौकट चाचपत होता.

"केळ्यांचं काय घेऊन बसलीस, बाय," तो म्हणाला. "दुसरा घड आहे. अनुज पहिल्यांदा चालला, तेव्हा मी कामावर होतो. मला ते आईनं सांगितलं. त्याचा दुसरा घड नसतो."

त्या दिवशी खिडकी उघडी होती, म्हणून मी ऐकलं. सलोनी साहेबांना सांगत होती, "सर, सकाळी मी लवकर बसेन. पण सूर्य मावळायच्या आत मी उठणार. आमची केळी आत घ्यायची असतात." पलीकडे कोणीतरी हसलं. ती हसली नाही. ते प्रमुखपद त्या वर्षी दुसऱ्याला मिळालं. सलोनी दोन दिवस कोणाशी धड बोलली नाही, हेही खरं सांगायला हवं. सगळं काही फुकट मिळत नसतं.

दुसरा घड सोलला. पुन्हा मी खुंटांवर, पुन्हा माझ्या अंगावर ऊन. सावल्या लांब झाल्या, तशी रिद्धी घरातून बाहेर आली आणि सवयीनं आधी खिडकीकडे वळली. काचेआड पंजा नव्हता. खुर्ची रिकामी होती. पोरगी गोंधळली, हळूच माझ्याजवळ आली आणि खाली मान घालून तिनं एकटीनंच माझी चौकट पकडली. तिनं जोर लावायच्या आतच मी पलीकडून वर उचललो गेलो.

"चल, धर नीट," सलोनी म्हणाली. तिचे दोन्ही हात माझ्यावर होते आणि कानात काही नव्हतं.

त्यानंतर त्या दोघी अंधार पडेपर्यंत ओसरीतच बसल्या होत्या. रिद्धी आईच्या पाठीवर चढत होती.

तर मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. जुन्या वस्तू लगेच खुराड्याला बांधू नका. पावसाळ्यात आम्हाला कोरड्या जागी ठेवा, वर्षातून एकदा काथ्या आवळा, आम्ही पुष्कळ वर्षं टिकतो. आणि तुमच्या घरात एक तरी काम असं ठेवा, जे एकट्याला उचलताच येऊ नये. मग सावल्या लांब झाल्या, की हातातलं ठेवा आणि त्याची दुसरी बाजू धरायला जा. तिथं कोणीतरी आधीच येऊन उभं असतं.