वस्तादांचा कान आणि माझा पिवळा उजेड

“आधी उजेड बघ, पोरी, मग कान बघ.”

अप्पा डॉक्टरांचा हा आवाज अजून माझ्या अंगात घुमतो. अप्पा गेले. त्यांची लेक अनुजा डॉक्टर झाली आणि कसबा बावड्याच्या दवाखान्यात मी तिच्या हाती आलो.

मित्रांनो, मी एक जुना ऑटोस्कोप आहे. कानाच्या अंधाऱ्या बोळात दिवा घेऊन जायचं, हे माझं काम. मळ पाहिला, पू पाहिला, पोरांनी घातलेले चिंचोके पाहिले. पण माझा जीव सेलात. सेल उतरले की उजेड हळदीसारखा पिवळा होतो आणि पिवळ्या उजेडात सगळंच सारखं दिसतं.

अशाच दिवसांत बाळासो वस्ताद आले. डावा कान कुस्तीतल्या थपडेनं कधीच गेलेला. आता उजव्याला दडे बसले होते. दोन्ही कान चुरगळलेले. तालमीत तोच दागिना. तो दागिना बघूनच अनुजानं ठरवलं. मला घाईनं आत फिरवलं, “कुस्तीचा कान, सूज असेल,” म्हणाली आणि थेंब दिले. आत काहीतरी होतं. मला दाखवता आलं नाही.

ऊस तोडणीला आला तेव्हा बयाबाई नवऱ्याला पुन्हा घेऊन आल्या.

“थेंबानं कायबी फरक न्हाय. आन् ह्यो गडी घरात बोलंना झालाय बघा. नुसती मुंडी हलवतोय, नंदीबैलागत.”

वस्तादांनी मुंडी हलवली.

या वेळी अनुजानं सेल बदलले. लख्ख उजेडात कानाच्या भिंतीवर गुळगुळीत गाठ दिसली, वाट अडवून बसलेली. “आत गाठ आहे,” ती म्हणाली.

“कॅन्सर हाय व्हय?” बयाबाईंनी विचारलं.

“नुसतं बघून सांगता येत नाही. स्कॅन करू, तुकडा तपासू.”

मित्रांनो, माझे सेल वेळेवर बदला. आणि ओळखीच्या कानातही नव्यानं बघा. मागणं एवढंच.

रिपोर्ट आला त्या दिवशी अनुजाचे ओठ मास्कआड होते. “गाठ साधी आहे. कानात मळ तयार करणाऱ्या ग्रंथींची, फार क्वचित होते. मुळासकट काढावी लागेल, नाहीतर परत वाढेल. पण कॅन्सर नाही.”

बयाबाईंचा इतक्या दिवसांचा बांध फुटला. पदर तोंडाला लावून त्या रडू लागल्या. वस्ताद बायकोकडे बघत राहिले. मग त्यांनी बयाबाईंच्या खांद्यावर हात ठेवला.

“रडू नगंस, बये. मला ऐकाय येत न्हाय. लई म्हैनं झालं. बहिरा वस्ताद पोरांस्नी नको व्हईल, म्हणून बोललो न्हाय. आता तू खरं सांग. किती दिस ऱ्हायल्यात माझं?”