बुटकी सांबरं

शाहूवाडीच्या जंगलात ज्ञानूनं वनमजूर म्हणून बावीस वर्षं काढली होती, पण पाणवठ्यावर मेलेली ती सांबराची मादी बघून तो बुचकळ्यात पडला. दातांवरून वयानं पुरी, अंगानं मात्र बुटकी आणि कानांनी अरुंद. त्यानं वनखात्याच्या साहेबांना कळवलं. प्राण्यांच्या जनुकांचा अभ्यास करणाऱ्या आदिती मॅडम कोल्हापूरहून आल्या. त्यांनी कातडीचा तुकडा घेतला, आणि ज्ञानूला जंगलभरच्या सांबरांच्या लेंड्या गोळा करायला लावल्या.

दीड महिन्यानं त्या चौकीवर आल्या. समोरचा चहा तसाच राहिला.

"मामा, ती अर्धीच सांबर होती. आई इथली, बाप जावा बेटावरच्या हरणांतला. सांबराचेच भाऊबंद ते, सहज जुळतं त्यांचं."

"आणि लेंड्या?"

"बेचाळीसपैकी एकोणीसमध्ये तेच रक्त. काहींत अर्धं, काहींत पाव. म्हणजे मिश्र पिल्लं वाढून पुढं व्यायलीसुद्धा. पण ती हरणं इथं आली कुठून?"

 सात वर्षांमागं पुरात ज्ञानू जंगलाकडेच्या बड्या बागायतदाराच्या, अमरसिंहांच्या फार्महाऊसवरनं चालला होता. चोरून पाळलेली पाच परदेशी हरणं जाळीच्या आत गळाभर पाण्यात ओरडत होती.

"मीच सोडली," तो म्हणाला. "गस्तीवर गेलतो. कोयत्यानं जाळी तोडली. अमरसिंह मालक म्हणालं, वाहून गेली म्हणून सांग, माझं नाव काढू नको. बुडून मरत हुती की वो, मॅडम!"

 आदिती मॅडम म्हणाल्या, "मीही तेच केलं असतं. पण आता हे रक्त मिसळणं थांबायचं नाही, मामा."

ज्ञानूनं जबाब लिहून दिला. पंधरा दिवसांनी वरून हुकूम आला, मिश्र जनावरं वेचून जंगलाबाहेर काढायची. ओळखून द्यायला ज्ञानूच.

सकाळी सगळे पाणवठ्याजवळ दबा धरून बसले. कळप आला. चौदा जनावरं. बेशुद्धीच्या इंजेक्शनची बंदूक रोखून साहेब कुजबुजले, "कुठलं?"

ज्ञानूनं एकेक जनावर न्याहाळलं. दोन बुटकी होती. पण पाव रक्त वरनं दिसतं थोडंच, मग त्यांच्या शेजारच्या उंच मादीचं काय? तिच्या पोटातल्याचं काय?

"न्हाय सांगता येत, साहेब."

तेवढ्यात दरीतनं एका नराची हाळी आली, चिरकी, पातळ. असली हाळी कुठल्याच सांबराची त्यानं या जंगलात कधी ऐकली नव्हती. कळपातल्या माद्यांनी माना वर केल्या आणि त्या दरीकडं चालू लागल्या.