अण्णांच्या पायाचं माप

पाच अंडी हवी होती म्हणून थोरलीने पाच बोटं दाखवली. त्या बाजारात एक बोट म्हणजे एक डझन, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. दुकानदाराने शांतपणे पाच डझन अंडी तिच्या पुढ्यात मांडली, आणि नको म्हणायला लागणारा शब्द तिला अजून यायचा होता. खोलीवर आल्यावर तिच्याबरोबर राहणारी नर्स, जिला उंचीमुळे सगळा दवाखाना शिडी म्हणायचा, ती टोपलीत डोकावून म्हणाली, “खायची आहेत की उबवायची?”

ही पहिल्या आठवड्यातली गोष्ट. आता आठ महिने झाले होते. दोन वर्षांच्या करारावर दोघी त्या परक्या गावच्या दवाखान्यात आल्या होत्या. थोरली घरात सगळ्यांत मोठी, म्हणून थोरली. आईच्या पत्राचा मायना शिडीने एकदा वाचला आणि ते नाव इथेही चिकटलं.

सुट्टीच्या दिवशी दवाखान्याच्या मागच्या फाटकातून निघालं की पाच मिनिटांत बाजार. थोरली आता तिथे रुळली होती. दुकानात शिरल्या शिरल्या भाव विचारायचा नाही, आधी बसायचं, मग ख्यालीखुशाली, मग वस्तूकडे सहज नजर गेली असं दाखवायचं, हे तिला कळलं होतं. ती नर्स आहे हे बाजारालाही कळलं होतं. बटणवाली दोन बटणं देताना तीन दुखणी सांगायची. घड्याळवाला तिला बघताच जीभ बाहेर काढून दाखवायचा.

आणि जोडेवाले काका. हे नाव तिने मनातल्या मनात ठेवलेलं. त्यांच्या दुकानात तयार जोडा एकही नव्हता. छताला दोऱ्यांनी लाकडी पावलं टांगलेली होती, शेकड्यांनी. ज्याचा जोडा त्याच्या पायाचा साचा. कुणाचं हाड वाढलं की काका त्याच्या साच्यावर त्या जागी चामड्याचा तुकडा ठोकायचे. पहिल्यांदा आत गेल्यावर शिडीचं डोकं तीन पावलांवर आपटलं आणि ती म्हणाली, “अगं, अर्धं गाव लाथा मारतंय मला.”

थोरली मात्र वर बघत राहिली. तिला अण्णांचा पाय आठवला.

अण्णा, तिचे वडील, तीस वर्षं पोस्टमन होते. गावात त्यांच्या पायाखालून न गेलेला उंबरठा नव्हता. निवृत्तीला तीन वर्षं राहिली असताना भरलेल्या हातगाडीचं चाक उजव्या पायावरून गेलं. हाडं जुळली, पण अंगठा शेजारच्या बोटावर चढून बसला आणि बाजूला आवळ्याएवढं टेंगूळ आलं. कुठलंच पायताण बसेना. ब्लेडने भोक पाडलेला कॅनव्हासचा बूट घालून त्यांनी नोकरी निभावली. निवृत्त झाले आणि घराबाहेर पडायचेच थांबले. कुणी विचारलं तर म्हणत, “आता कुणाची पत्रं वाटायचीत मला?” थोरली निघाली त्या दिवशीही ते पायरीपर्यंतच आले होते. पायरीवरून हात हलवणारे अण्णा तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हते. आणखी सव्वा वर्षाने परत जाऊ तेव्हा ते पायरीवरून आत, खाटेवर गेलेले असतील, हे ती नर्स असल्यामुळे जरा जास्तच चांगलं जाणून होती.

तिने आईला लिहिलं की अण्णांचं पाऊल कागदावर आखून पाठव. त्या काळी पत्राला जायला तीन आठवडे लागायचे आणि यायला तीन. दीड महिन्याने उत्तर आलं, सोबत घडी घातलेला कागद आणि त्यावर पेन्सिलीने आखलेली दोन पावलं. वेळही छान जुळून आली. दवाखान्यात एक्स-रे काढणारा, ज्याला सगळे फोटोवाला म्हणत, तो तिच्याच भागातला; बाराव्या दिवशी रजेवर घरी चालला होता. बूट पोचवायला तो तयार होता.

थोरली कागद घेऊन धावतच काकांकडे गेली. घड्याळवाला तिथे गप्पा मारत बसला होता. काकांनी कागद जमिनीवर ठेवला, चष्मा कपाळावर चढवला, रेषेवरून बोट फिरवलं आणि ते म्हणाले, “हा माणूस उभा नव्हता.”

“म्हणजे?”

काकांनी आपला अनवाणी पाय हवेत धरून आखून दाखवला. मग त्याच पायावर उभे राहून आखला. दुसरी रेघ पहिलीच्या बाहेर चांगली बोटभर पसरली. “अंगाचा भार आला की पाऊल पसरतं. हा माणूस झोपलेला होता. झोपलेल्या माणसाला जोडे कशाला हवेत, सिस्टर?”

थोरलीला सगळं चित्र दिसलं. अण्णांना विचारलं असतं तर त्यांनी पाय पोटाशी घेतला असता. म्हणून आईने दुपारी त्यांना डोळा लागल्यावर तळव्याला पाट टेकवून हे उद्योग केले असणार. आणि इतकी वर्षं रोग्यांना उभं करणाऱ्या तिला, माप उभ्याने घे, एवढं लिहायचं सुचलं नव्हतं.

“पुन्हा मागवा,” काका म्हणाले.

“दीड महिना लागेल. जाणारा माणूस बारा दिवसांनी जातोय. पुढच्या वर्षापर्यंत दुसरं कुणी नाही.”

“मग मी नाही करत. न बसणारा जोडा माझ्या दुकानातून जात नाही.”

थोरली उठली नाही. बसून राहायचं असतं हे बाजारानेच तिला शिकवलं होतं. बराच वेळ काका चामडं कापत राहिले. शेवटी मान वर न करता त्यांनी विचारलं, “चालतो कसा तो?”

तिला शब्द सापडेनात. मग तिने सरळ पदर खोचला आणि गल्लीत उतरून चालून दाखवलं. उजवी टाच आधी, मग पावलाची बाहेरची कड, आणि सगळं अंग किंचित डावीकडे झुकलेलं. बटणवाली दारात आली. शेजारचा टोपीवाला आला. “सिस्टरला लागलं का काय?” “नाही हो, बापाची नक्कल करतेय.” “मग झोकात चालतो की बाप.” शिडी भाजी घेऊन त्या वाटेने येत होती, ती म्हणाली, “थोरले, तुला ओळखत नाही असं सांगू का मी लोकांना?”

“पुन्हा चाला,” काका म्हणाले. तिसऱ्या फेरीला त्यांनी विचारलं, “डाव्या खांद्यावर काय असतं त्याच्या?”

थोरली जागच्या जागी थांबली. पिशवी तिने सांगितलीच नव्हती. “टपालाची पिशवी,” ती म्हणाली. “तीस वर्षं होती.”

काकांनी मान हलवली, काठीने छताची दोन लाकडी पावलं खाली काढली आणि उजवं तिच्या मांडीवर ठेवलं. “लांबी जुळते. टेंगूळ कुठे आहे ते दाखवा.”

चाक गेलं तेव्हा चाळीस दिवस त्या पायाची मलमपट्टी तिनेच केली होती, रोज सकाळी, कामावर जायच्या आधी. पण नुसतं लाकडाकडे बघून टेंगूळ नेमकं कुठे ते आठवेना. तिने डोळे मिटले आणि पट्टी गुंडाळल्यासारखे हात लाकडावरून फिरवले. तेव्हा हातांना आठवलं. “इथे. याच्याहून जाड. आता अंगठ्यावर. नाही, वर नाही, तिरपा.” काका तुकडे ठोकत गेले, ती बोटांनी चाचपत गेली. “अजून एक.” “आता कमी करा.”

“तो साचा माझा आहे,” घड्याळवाला एकदम म्हणाला. इतका वेळ त्याच्या लक्षात आलं नव्हतं. “माझ्या पायावर कुणाचा पाय ठोकताय?”

“पोस्टमनचा,” काका म्हणाले.

घड्याळवाल्याने क्षणभर विचार केला. “पोस्टमनचा होय. मग ठोका. माझे सुटे भाग टपालानेच येतात.”

बूट अकराव्या दिवशी मिळाले. तपकिरी, बुटके, उजवा डाव्यापेक्षा रुंद. दिसायला काही देखणे नव्हते. “बटाट्याला वेष्टण घातल्यासारखे आहेत गं,” शिडी म्हणाली आणि मग तिनेच ते जुन्या मऊ चादरीत गुंडाळले. फोटोवाला ते घेऊन गेला.

नंतरचे आठवडे थोरली बाजारात गेली की गल्ली एकच प्रश्न विचारायची, बूट बसले का? काका विचारायचे नाहीत. फक्त तिच्या हाताकडे बघायचे आणि पुन्हा चामड्याकडे वळायचे. बटणवालीने तर जाहीर केलं की बूट छोटे झाले असणार, कारण घड्याळवाल्याचा पाय मुळातच कंजूष आहे.

पाकीट आलं ते सकाळी वॉर्डात. पत्त्यातली अक्षरं बघून थोरलीने हातातला थर्मामीटर बाजूला ठेवला. घरच्या पत्रांवर आईचं अक्षर असायचं. हे अण्णांचं होतं. पोस्टाच्या माणसाचं, पिन कोडाचा प्रत्येक आकडा सुटा.

आत आईचा अर्धं पान मजकूर होता. “बूट आले ते तुझ्या अण्णांनी तीन दिवस खाटेखाली ठेवले. म्हणाले, पोरगी पैसे उधळते. चौथ्या दिवशी मी भाजी घेऊन आले तर घरात नाहीत. माझा जीव उडाला. सगळी आळी पालथी घातली. दीड तासाने आले, कपाळावर घाम, आणि मलाच म्हणतात, बाजारपेठेतल्या टपालपेटीचं झाकण गंजलंय, पाऊस आत जाईल, मी पोस्टमास्तरांना सांगून आलो. आता रोज काहीतरी गंजलेलं असतं.”

त्याखाली अण्णांच्या दोन ओळी. “उजवा उत्तम. डावा टाचेत सैल आहे, तुझ्या कारागिराला कळव. माप सोबत आहे. हे पत्र मी स्वतः पोस्टात नेऊन टाकत आहे.”

ड्यूटी संपताच ती मागच्या फाटकातून निघाली. गल्लीत पाकीट बघूनच माणसं जमली. तिने पत्र मोडक्यातोडक्या भाषेत वाचून दाखवलं. गंजलेल्या झाकणापाशी टोपीवाला इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. डावा सैल आहे हे ऐकून बटणवाली विजयी मुद्रेने म्हणाली, “बघा, मी म्हटलं नव्हतं?”

“तुम्ही छोटा म्हणाला होतात,” घड्याळवाला म्हणाला. “सैल म्हणजे माझा पाय दिलदार निघाला.”

काकांना हसू वगैरे आलं नाही. त्यांनी अण्णांनी पाठवलेला मापाचा नवा कागद घेतला, जमिनीवर पसरला, चष्मा कपाळावर चढवला. या वेळी पेन्सिलीची रेघ जाड होती, आणि टाचेपाशी कागद थोडा फाटला होता. काकांचं बोट सावकाश रेषेवरून एक फेरी फिरून आलं.

“हा उभा आहे,” ते म्हणाले, आणि डाव्या पायाचा साचा काढायला त्यांनी काठी उचलली.