उसना आवाज

सरांनी गळ्याभोवतीचा मफलर सारखा केला, टेबलावर स्पीकरची डबी ठेवली आणि तिची वायर फोनला जोडली. मग एका बोटाने, एकेक अक्षर हुडकत, दोन शब्द टाइप केले.

"नमस्कार, बसा," डबीतून एका बाईचा आवाज आला. कोणती गाडी कोणत्या फलाटावर येणार हे सांगणाऱ्या बाईचा असतो तसा, स्वच्छ आणि कोरडा.

मागे कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं. सरही हसले. हसायला आवाज लागत नाही, हे त्यांना दवाखान्यातच कळलं होतं.

कथालेखनाचा हा वर्ग सर कित्येक वर्षं घेत आले होते. त्यांचे नियम दोनच. दाराशी ठेवलेल्या टोपलीत फोन टाकायचा आणि मगच आत यायचं, हा पहिला. दुसरा असा, की स्वतःची कथा स्वतः वाचायची नाही. ती सर वाचणार. आपलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय लिहिणाऱ्याला ते कळत नाही, असं ते म्हणत. आणि वाचत तर असे, की शेजारच्या वर्गातली मुलं दाराशी येऊन उभी राहायची. 'सरांनी किराणा मालाची यादी वाचली तरी डोळ्यांत पाणी येईल,' हा वर्गातला जुना विनोद होता. सरांना तो मनापासून आवडायचा.

मग घशात गाठ निघाली. "आवाज जाईल, सर. माणूस राहील," डॉक्टर म्हणाले, आणि तसंच झालं. ज्यांनी वर्गात फोनला बंदी केली, त्यांचंच तोंड आता फोनमध्ये होतं.

"सर, एक मिनिट फोन देता?"

पहिल्या बाकावरचा कविराज उठून पुढे आला. तो नोकरीला होता कॉम्प्युटर कंपनीत, पण गद्यातही यमकं जुळवायचा म्हणून वर्गाने त्याचं हे बारसं केलं होतं. त्याचा पहिला कथासंग्रह छापायला जायचा होता. प्रस्तावना सर लिहिणार होते. तसा शब्द त्यांनी आजारापूर्वीच दिला होता.

कविराजाने फोनमध्ये काहीतरी खुडबूड केली आणि डबीकडे बोट दाखवलं.

"बसा. वह्या मिटा. आता नुसतं... ऐका."

सरांचाच आवाज होता. तोच किंचित खरखरीत, 'नुसतं'पाशी थांबणारा. पुढच्या रांगेतल्या एका मुलीने ओढणी तोंडाला लावली.

"टोपलीत मी बंद पडलेला जुना फोन टाकायचो, सर. चालू असलेला खिशात असायचा," कविराज मान खाली घालून म्हणाला. "तुमचे सगळे तास चोरून रेकॉर्ड केलेत. ते मशीनला ऐकवले. आता तुम्ही जे टाइप कराल, ते तुमच्याच आवाजात येईल. नियम मोडला, माहितीये मला."

सरांनी त्याचा कान पकडला. पकडला तो पकडलाच, त्यांना सोडवेना.

"पुढच्या तासाला माझी कथा पुन्हा वाचाल, सर? संग्रहातली शेवटची. या आवाजात?"

सरांनी मान डोलावली.

दुपारी घरी जेवणाच्या टेबलाशी बसून त्यांनी पहिलं वाक्य टाइप केलं ते बायकोसाठी.

"अगं, चहा टाकतेस का?"

स्वयंपाकघरात भांडं पडलं. ती ओल्या हातांनीच दारात आली. तिने सरांच्या मिटलेल्या ओठांकडे पाहिलं, मग डबीकडे.

"बंद करा ते," ती म्हणाली. "तुम्ही असे गप्प बसलेले, आणि आवाज टेबलावर. मला नाही सहन होत."

चहा मात्र तिने आणून ठेवला, आणि आत गेली. सरांना वाईट वाटलं. तिला बरं वाटेल असं ते धरून चालले होते.

मग त्यांनी कविराजाने फोनवर पाठवलेली त्याची कथा लावली. आपला आवाज पुन्हा कथा वाचतोय हे ऐकताना त्यांचे डोळे मिटले. 'तिच्या डोळ्यांत सांज उतरली होती, आणि सांजेच्या डोळ्यांत ती.' वा! आणि तिथेच, पान अर्ध्यावर असताना, आवाज बदलला. त्या दिवसाची फुकटातली मर्यादा संपली म्हणून फोनने आपण होऊन फलाटवाल्या बाईला परत बोलावलं होतं.

सरांनी थोडं मागे जाऊन तेच वाक्य पुन्हा लावलं. सांजेच्या डोळ्यांत ती, असं बाईने सांगितलं, गाडी तासभर उशिरा धावत असल्यासारखं. सर ताठ बसले. त्यांनी कथा पहिल्यापासून लावली. जिथे जिथे त्यांचा आवाज थांबला होता, तिथे आता काहीच नव्हतं. चार पानं झरझर निघून गेली आणि मागे एकच वाक्य उरलं: 'आईने त्याचं ताट वाढलं, झाकून ठेवलं, आणि सकाळी धुऊन टाकलं.'

या बाईला वाङ्मयातलं काय कळतंय, असं म्हणून त्यांनी तिला खोटं पाडायला स्वतःचीच कथा लावली. 'कोट'. याच कथेने त्यांना नाव दिलं होतं. वारलेल्या बापाचा कोट अंगात घालून बघणाऱ्या मुलाची गोष्ट. ती त्यांनी कुठल्या कुठल्या सभांमधून वाचली होती, आणि दर वेळी पहिल्या रांगेत बसून बायको डोळे पुसायची.

बाई वाचत राहिली. आतून बायकोचा आवाज आला.

"हे कुणाचं हो? त्या कविराजाचं का?"

सर उत्तर देऊ शकत नव्हते.

"सांगा त्याला, पाल्हाळ फार लावतो म्हणावं. बापाची आठवण येतेय हे एकदा कळलं की. किती वेळा सांगायचं?"

सर दोन्ही हात टेबलावर ठेवून बसून राहिले. बाई शेवटच्या वाक्याशी आली. 'कोट मोठा नव्हता, मीच लहान होतो.' तेव्हा बायको दारात येऊन थांबली. तिला कळलं होतं.

"तुम्ही वाचायचात ना, तेव्हा..." असं म्हणून ती अडखळली.

सरांनी हात वर केला. राहू दे. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. किती मुलांना त्यांनी छान, छान म्हणून पाठवलं होतं, आणि आवडत काय होतं तर स्वतःचा गळा. आता कविराजाला काय सांगायचं? गप्प राहून प्रस्तावना लिहून टाकावी, पोराचं मन राखावं, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. एवढ्या प्रेमाने त्याने हरवलेला आवाज परत आणून दिला होता. पण पुस्तकाबरोबर आवाज छापला जात नाही.

पुढच्या तासाला कविराज इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. सरांनी हाताने खूण केली: वह्या मिटा. मग बटण दाबलं.

डबीतून बाई बोलू लागली. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. दुसऱ्या पानाशी कुणीतरी जांभई गिळली, तिसऱ्याशी दुसऱ्याने गिळली नाही. कथा संपली तेव्हा सरांनी टाइप केलेलं बाईने वाचलं:

"ही माझी कथा. इतकी वर्षं मला ती चांगली वाटत होती."

कुणी हसलं नाही. सरांनी फोन उचलून कविराजापुढे ठेवला. त्याची कथा त्यावर तयार होती. खाली दोन बटणं होती. एकावर लिहिलं होतं 'सर', दुसऱ्यावर 'बाई'.

कविराजाने त्या बटणांकडे पाहिलं, मग सरांकडे.

"तुम्हाला आवडली होती ना, सर?"

सरांनी फोन घेतला, टाइप केलं, पुसलं, पुन्हा टाइप केलं. या वेळी त्यांनी बटण दाबलं नाही. फोन नुसता त्याच्यापुढे धरला. 'मला माझं वाचन आवडलं होतं.'

"मुखपृष्ठसुद्धा तयार आहे," कविराज म्हणाला. "मी घरी सगळ्यांना सांगून बसलोय."

सरांनी मान खाली घातली. त्यांना त्याच्याकडे बघवेना. थोड्या वेळाने त्यांनी बटणाचा बारीक आवाज ऐकला आणि मग बाईचा.

सांजेच्या वाक्याला कविराजाचे कान लाल झाले. त्याने पेन काढून हातातल्या कथेच्या कागदावर एक रेघ मारली, मग आणखी एक. पुढे त्याने रेघा मोजल्याही नसतील. बाई ताटाच्या वाक्याशी पोचली. तिने तेही इतर वाक्यांसारखंच सांगितलं. वाढलं, झाकून ठेवलं, धुऊन टाकलं. वर्गात कुणी हललं नाही. ओढणीवाली मुलगी डबीकडे बघत राहिली. कविराजाने मान वर केली.

"हे राहील," तो म्हणाला.

सरांनी जोरात मान हलवली. हे राहील.

"प्रकाशकांना फोन करून येतो. थांबा म्हणतो त्यांना." तो दारापर्यंत गेला आणि वळला. "बाईला बंद नका करू, सर. अजून अर्धी राहिलीय."

संध्याकाळी सर पिशवी घेऊन निघाले, तेव्हा बायकोने नेहमीप्रमाणे हातात सामानाची चिठ्ठी दिली. ते चपला घालत होते.

"काय झालं वर्गात?"

सरांनी तळहात उताणा केला: झालं ते बरं झालं. ती दाराला टेकली.

"ती डबी आहे का जवळ?"

सरांनी पिशवीतून डबी काढली.

"यादी वाचून दाखवा. काही राहिलं नाही ना, बघते." आणि मग, दुसरीकडे बघत, "तुमच्या आवाजात."

ते दाराजवळच्या स्टुलावर बसले. एका बोटाने एकेक अक्षर हुडकत त्यांनी चिठ्ठी टाइप केली.

"साखर एक किलो. मीठ. काडेपेटी. कपड्यांचा साबण... दोन वड्या. चहा."

बायकोने डोळे मिटले होते. यादी संपली, तरी तिने ते उघडले नाहीत.

"परत वाचा," ती म्हणाली. "काहीतरी राहिलंय."