रविवारचं पाणी

दुकानाला टाळं लावून म्हातारा शिंपी लेकीकडे राहायला आला, तो एका अटीवर. अट त्याची त्यानेच घातली.

"परसात टोमॅटो लावतो. घराला पुरतील एवढे निघाले तर राहीन. नुसतं बसून खाणं मला जमणार नाही."

"लावा बाबा," लेक म्हणाली, "पण तुमची या घरातली जागा टोमॅटोवर ठरवू नका."

त्याने ऐकल्यासारखं केलं.

झाडं कमरेला लागली, फळं धरली. पण रंग चढायच्या आधीच एकेकाचं बूड काळं पडू लागलं. इस्त्री कापडावर विसरली की पडतो तसा डाग. शेजारीण म्हणाली, कॅल्शियम कमी पडतंय, चुना घाला. रासायनिक खत त्याला नकोच होतं. त्याने अंड्यांची टरफलं कुटून घातली, बेकरीतून राख आणली, वर चुना भुरभुरवला. टीप उसवली की दुहेरी घालायची, हा त्याचा जन्माचा शिरस्ता. आठवडे गेले. बुडं काळी ती काळीच, वर शेंड्याची पानंही पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या.

म्हातारा मुकाट्याने पिशवीत कपडे भरायला लागला. ते लेकीने पाहिलं आणि नवऱ्याच्या कानावर घातलं.

जावई पोहण्याच्या तलावावर कामाला. कागदाच्या पट्ट्या बुडवून पाण्याचा सामू बघायचा, म्हणजे पाणी आम्ल की अल्क ते ताडायचं, हे त्याचं रोजचं काम. रविवारी त्याने मूठभर माती शुद्ध पाण्यात ढवळली, गाळ बसू दिला आणि पट्टी बुडवली.

"जावईबापू, मातीला पोहायला शिकवताय का?"

"ती कधीच बुडालीय बाबा, चुन्यात." पट्टी निळसर झाली होती. "आठच्या वर गेलाय सामू. साडेसहाच्या आसपास हवा. चुना भरपूर आहे. उलट त्याच्यापायी झाडाला मातीतलं लोह उचलता येईना, म्हणून पानं पिवळी."

"मग बूड का काळं?"

जावयाने मातीत बोट खुपसलं. खडखडीत कोरडी. "पाणी कधी घालता?"

म्हातारा वाकून वाळकी पानं वेचायला लागला.

"आपण कामावर गेलो की," लेक दारातून म्हणाली. "सोमवारी इथे चिखल असतो आणि शनिवार-रविवारच्या सुट्टीत भेगा."

"मग बरोबर आहे. कॅल्शियम पाण्याबरोबर फळापर्यंत चढतं. आधी उपास, मग पूर, असं केल्यावर बुडापर्यंत पोचणार कसं?"

"माणसं घरात असताना नळ कसा सोडायचा?" म्हातारा पुटपुटला. "घर तुमचं, पाणी तुमचं."

"बाबा, मी नवी सून होते तेव्हाही इतकी दबून नव्हते," लेक म्हणाली. जावई हसला, पण तिचे डोळे भरले होते.

राख, चुना बंद झाला. डागी फळं तोडली, कुजलेलं शेणखत आणि थोडं गंधक मातीत मिसळलं, वर वाळक्या पानांचा थर दिला. रोज सकाळी बेताचं पाणी. माती काही एका रात्रीत सुधारत नाही, पण नवी फळं स्वच्छ बुडाची आली. लेकीने पहिलं चिरलं, मीठ लावून आधी बापाच्या हातावर ठेवलं.

पुढे एका रविवारी न्हाणीघरातून जावयाची हाक आली, "पाण्याची धार का बारीक झाली? नळ कोणी सोडलाय?"

"मी," म्हातारा म्हणाला. आवाज जरा चढाच निघाला. "टोमॅटोला."

"बरं बरं, होऊ द्या तुमचं. मी साबण लावून उभा आहे."

म्हाताऱ्याला तिथल्या तिथे माफी मागून हात जोडावेसे वाटले, पण हातात पाईप होता, आणि दोन झाडांची आळी अजून भिजायची होती.