'ग्रंथ' म्हणून नोंदलेली फाईल

ओट्यावर उपडी घातलेली वाटी घसरली. माझ्या लेकीनं, धम्मदीपानं, झोपेतच माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरलं, आणि पुन्हा सगळं शांत. ती उठेपर्यंतचा वेळ माझा.

मंगरूळपीरला एका वाचनालयात मी काम करते. तिथं वसतिगृहांच्या प्रवेश-नियमांची एक जाडजूड फाईल आहे, कड्या उघडून पानं काढता-घालता येणारी. नियम बदलला की प्रकाशक नवं पान पाठवतो. जुनं काढायचं, नवं घालायचं. कम्प्युटरात अशा फाईलसाठी वेगळा प्रकार असतो. तो निवडला, की नवी पानं आली नाहीत तर कम्प्युटर आपणहून आठवण देतो.

गेल्या वर्षी ती नोंदवली त्या दिवशी धम्मदीपाला ताप होता. तिला मांडीवर घेऊन एका हातानं नोंदी करत होते. प्रकार निवडला, 'ग्रंथ'. ग्रंथ एकदाच येतो, त्याची वाट पाहायची नसते. कम्प्युटर वर्षभर गप्प राहिला. नवी पानं आलीच नाहीत, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

काल वाचनालयात तांड्यावरचे रूपलाभाऊ आले, मागं त्यांची मुलगी रुचिका. बारावी झालेली. वसतिगृह मिळालं तरच अमरावतीचं कॉलेज, नाही तर तांड्यावरच. अर्जाच्या तारखेच्या पानाची झेरॉक्स तिनं आमच्या फाईलमधून नेली होती, त्यावर एकतीस जुलै. बावीसला वसतिगृहात गेले दोघं. मुदत पंधरालाच संपली होती.

"मॅडम, तिथले साहेब हासले आमच्यावर," रूपलाभाऊ म्हणाले. "म्हणे, कोन्या जमान्यातला कागद घेऊन फिरून राह्यले तुमी?"

"पानावर वाचनालयाचा शिक्का होता ना, बाबा," रुचिका हळूच म्हणाली.

आमचे ग्रंथपाल बबनराव सर, त्यांनी नोंद उघडली. "काहून गं पल्लवी, हे ग्रंथात कायले टाकलं? मशीन काय तुह्यं लेकरू हाय, न सांगता समजाले?"

"चुकलं, सर."

प्रकार बदलला. दोनदा क्लिक, बस. लगेच खाली लाल अक्षरं उमटली: चार हप्ते अप्राप्त. म्हणजे चार वेळा नवी पानं यायला हवी होती, आलीच नाहीत.

वसतिगृहाला फोन लावला. चूक आमची आहे, लेखी देते म्हटलं. तिकडून बाई म्हणाल्या, "द्या ना. पण यादी लागली आता. पुढच्या वर्षी पाहू."

तरी पत्र लिहिलं. रूपलाभाऊंनी ते घडी करून खिशात ठेवलं. मानोऱ्याची बस निघायची होती. रुचिकानं जाता जाता विचारलं, "मॅडम, वाचनालयाचं कार्ड चालू राहीन ना माह्यं?" मी मान डोलावली.

काल शनिवार, धम्मदीपा शाळेतून थेट माझ्याकडंच आली होती. टेबलाखाली बसून सगळं ऐकत होती.

आता उठून बसली. केस डोळ्यांवर.

"आई, तू काल कम्प्युटरमंदी बरोबर केलं ना?"

"केलं, बाई."

"मंग थ्या ताईले काहून घेत नाईत?"